चढली आणि उतरली

आमच्या साडूंइतका उपद्रवी माणूस हिमालयानं त्याआधी पाहिला नसेल आणि पुढंही पाहणार नाही. त्यांची ही गोष्ट मी लग्नांत, बारशांत, तेराव्याच्या पंगतीतसुद्धा रंगवून सांगत आलो. मधला एक तुकडा मात्र दर वेळी गाळला. आता सत्तरी ओलांडली, गाळत बसायला वेळ उरला नाही, म्हणून अख्खी सांगतो.

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. धुळ्याकडचे, कापूस-मिरचीवाले. त्यांना सगळे नाना म्हणत. गळ्यात तुळशीची माळ, आणि गावच्या भजनी मंडळात मुख्य आवाज त्यांचा. मुख्य म्हणजे मोठा. सुराशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. नव्वदच्या आसपास आम्ही जळगावच्या नोकरदारांनी गिर्यारोहण मंडळ काढलं, सातपुड्यात दोर बांधून पडण्याचा भरपूर सराव केला आणि गढवालातल्या एका शिखरावर जायचं ठरवलं. दीपनगरच्या वीज वसाहतीतले एक शांत इंजिनियर आमचे पुढारी. स्वयंपाक सांभाळायला माणूस हवा होता. ते अक्कांच्या, म्हणजे साडूंच्या बायकोच्या, कानावर गेलं. त्या म्हणाल्या, "यास्ले लई जा भाऊ. उन्हायाभर मन्हं डोकं खातस." अक्कांची सुटका झाली आणि आमचा उन्हाळा सुरू झाला.

भुसावळला गाडीत चढताना साडूंबरोबर एक गोणी होती. आत भरताची वांगी. बर्फात बसून भरीत खायचं, ही त्यांची हिमालयाबद्दलची एकमेव कल्पना. उत्तरकाशीपर्यंत निम्मी वांगी सडली, उरलेली तळावर गोठून दगड झाली, आणि त्यातलं एक पुढाऱ्यांच्या पायावर पडून मोहिमेतली पहिली दुखापत झाली. हिंदी बोलायचा त्यांना सोस. 'सगळं' या अर्थी ते आपलं अहिराणी 'बठ्ठा' वापरत. हमालांवर ओरडत, "ओ भैया, बठ्ठा! बठ्ठा!" हमालांना वाटायचं, साहेब बसायला सांगताहेत. ते ओझी टेकवून बसत. साडू आणखी जोरात ओरडत, हमाल आणखी निवांत बसत, विड्या काढत. आमची निम्मी सकाळ अशी बसण्यात जायची.

चालण्याच्या बाबतीत तर त्यांना कोणाचंच ऐकायचं नव्हतं. पुढारी रोज बजावत, हळू चाला, थांबत थांबत चाला, शरीराला उंचीची सवय होऊ द्या. साडू कपाळाला हात लावून म्हणायचे, "दर चैतले देवीआईना गड अनवानी चढस मी. तुमना हाऊ डोंगर काय नवा शे?" आणि लोकरी टोपीवर गांधी टोपी चढवून तरातरा पुढं निघून जात. आम्ही धापा टाकत पोचावं, तर हे एखाद्या खडकावर पाय हलवत बसलेले. "काय भाऊ, बैल बसना का?" तो बैल म्हणजे मी. असा राग यायचा, की दरी समोर असूनही हात आवरावा लागायचा.

तळावर पोचल्यावर दोन-तीन दिवसांत एका सकाळी साडू तंबूतून बाहेर आले ते वाकडीतिकडी पावलं टाकत. स्टोव्ह पेटवायला बसले आणि त्याला आपल्या बैलाच्या नावानं हाका मारू लागले. चहात मीठ घातलं. दोन्ही पाय एकाच बुटात घालायचा प्रयत्न केला, स्वतःशीच हसले आणि मटकन खाली बसून म्हणाले, "भाऊ, माले चढी गई वाटस."

अख्खा तळ हसला. पुढारी हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडून किल्ली घेऊन औषधांची पेटी उघडली. आतली ब्रँडीची बाटली निम्मी झाली होती.

"नाना, तुम्ही घेतली?"

"माळकरी मानूस शे मी, साहेब. बाटलीले हात बी लायेल नही."

"मग चढली कशानं?"

"तेच तं समजत नही माले."

पेटीची किल्ली माझ्या खिशात असायची आणि ब्रँडी माझ्या पोटात गेली होती. थंडीच्या नावाखाली रोज एक घोट. साडू माझ्याच तंबूत झोपायचे, त्यामुळे किल्ली त्यांनीच काढली असं सगळ्यांनी धरलं. मी म्हणालो, "जाऊ द्या साहेब, घरचाच माणूस आहे. खाली पाठवून देऊ." त्या 'घरच्या माणसा'मागं मी अर्धी बाटली लपवली.

एक हमाल त्यांना घेऊन उतरला. खालच्या गावात पोचेपर्यंत साडू सरळ चालू लागले आणि भाकरी मागू लागले. हमाल परत येऊन म्हणाला, "बाबूजी की उतर गई." पुन्हा हशा. मंडळातले एक डॉक्टर आमच्या दोन दिवस मागून येत होते, त्यांची साडूंशी वाटेत गाठ पडली. वर आल्यावर ते माझ्याजवळ बसून म्हणाले, "अहो, दारू कसली? उंची लागली त्यांना. भराभर चढलं की डोकं असंच फिरतं, पाय असेच लटपटतात. आणखी एक दिवस वर ठेवलं असतं तर गेले असते." माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की म्हणजे मीच त्यांचा जीव वाचवला. डॉक्टरांना म्हटलं, पुढाऱ्यांना मी सांगतो. सांगितलं नाही. पुढं हवा बिघडली, शिखर राहिलं, आणि घरी न्यायला माझ्याकडं एवढीच एक गोष्ट उरली.

पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाडीत आमरसाच्या पंगतीत मी ती सांगितली: चढावर चढली, उतारावर उतरली. लोक हसून लोळले. साडू सासुरवाडीहून परतण्याआधी गोष्ट त्यांच्या गावी पोचली. भजनात कोणीतरी म्हणालं, "नाना, आज कोनता डोंगर चढी उनात?" साडूंनी टाळ खाली ठेवले आणि चपलांपाशी जाऊन बसले. चार गावांना ऐकू जाणारा तो बेसूर आवाज पुन्हा कोणी ऐकला नाही.

माझ्यावर त्यांनी कधी संशय घेतला नाही. आपण दारू प्यालो, यावर त्यांचाच विश्वास बसला होता; फक्त कशी, ते कळत नव्हतं. दर आखाजीला मला बाजूला घेत. "भाऊ, खरं सांगा. माले कोनी पाजी? चहामा काही टाकेल व्हतं का?" मी म्हणायचो, "नाना, हिमालयानं पाजली." खरं तेच होतं, पण मी ते अशा तोंडानं म्हणायचो, की तेही बिचारे हसायचे.

गेल्या हिवाळ्यात ते धुळ्याच्या दवाखान्यात होते. मी जळगावहून बसनं गेलो, वाटभर वाक्य जुळवत: नाना, तुम्ही प्यालाच नव्हता, बाटली माझी होती. साडूंनी मला पाहिलं, अंग चोरून खाटेवर जागा केली आणि म्हणाले, "भाऊ, एवढा लांब कसाले उनात? गुडघा दुखना नही ना?" अक्का शेजारी मोसंबी सोलत होत्या. मी साडूंचा हात हातात घेतला. तोंड उघडलं.

"नाना," मी म्हणालो, "पांघरूण नीट घ्या."