गळ्यातलं लिंग आणि कमरेचा दोर

एक्कावन्नाव्या वर्षी मी कड्यावरून दोरानं उतरायला जायचं ठरवलं, तेव्हा घरात कुणी रागावलं नाही. मालक हसले. ते मला जास्त लागलं.

उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे बाजारात, आमची धान्याची आडत आहे. मालक दुपारी जेवायला घरी येतात. ताटात भाकरी वाढता वाढता मी मोबाईलवरची जाहिरात त्यांच्यापुढं धरली. भोकरच्या पुढच्या डोंगरात एका दिवसाचं शिबिर होतं. कमरेला दोर बांधून उभ्या कड्यावरून उलटं चालत खाली यायचं.

"पाय मोडला तर भाकरी कोण थापायची?" ते म्हणाले.

"ज्याला भूक लागल त्यानं."

त्यांची थोरली बहीण आमच्याकडंच राहते. मी त्यांना आक्का म्हणते. त्यांनी शेंगा निवडता निवडता मान वर केली. "गळ्यात लिंग हाय तुझ्या. ते घेऊन माकडावानी लटकणार?"

आमच्यात दीक्षा झाली की चांदीच्या डबीतलं इष्टलिंग दोऱ्यात ओवून गळ्यात घालतात. त्या दोऱ्याला शिवदारा म्हणतात. एकदा घातलं की ते अंगावेगळं करायचं नसतं. बाळंतपणात नाही, दवाखान्यात नाही. माझ्या गळ्यात ते आठव्या वर्षापासून आहे.

"देव संगं असल्यावर भ्यायचं कशाला?" मी म्हणाले आणि पाणी आणायला आत गेले. खरं तर भ्याले होतेच.

का जायचं होतं, याचं मोठं कारण माझ्यापाशी नाही. लहानपणी चाकूरला आमच्या मळ्यातल्या विहिरीत भाऊ सोंदूर, म्हणजे मोटेचा दोर, धरून उतरायचे आणि मी काठावर त्यांचे कपडे राखत बसायची. मला उतरू द्या म्हटलं की आई म्हणायची, पोरीच्या जातीनं असलं करू नये. पुढं तीच गोष्ट सासरी वेगवेगळ्या तोंडांतून ऐकली. आता "या वयात" एवढंच नवीन होतं.

रविवारी पहाटे भाचीच्या गाडीनं निघाले. कड्यावर पोचले तर नांदेड-लातूरची दहा-बारा मंडळी आधीच आलेली. चाळिशीपुढची मी एकटीच. शिकवणारी बाई तिशीची, भोकरजवळच्याच खेड्यातली, शेतकऱ्याची लेक. हिमालयात जाऊन शिकून आलेली. तिनं प्रत्येकाच्या कमरेचे पट्टे स्वतः आवळून पाहिले. माझ्याजवळ आली आणि थांबली.

"मावशी, गळ्यातलं काढावं लागल."

"ते निघत न्हाई."

मागून नोकरीवाला एकजण म्हणाला, "आंटी, पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे. पर्समध्ये ठेवा ना."

"तुमच्या पाच मिनिटांचा आसंल. माझ्या त्रेचाळीस वर्षांचा हाय."

त्या बाईनं मला बाजूला नेलं. ती हसली नाही, की हे जुनाट आहे असंही म्हणाली नाही. "मावशी, एकीची ओढणी अशीच दोराच्या कडीत ओढल्या गेली होती. मान वाकडी होऊन अर्ध्यात अडकली. मी खाली जाऊन कात्रीनं कापली तवा सुटली. तुमचा देव खरा हाय, पण माझा दोर बी खरा हाय. गळ्यात काही ठेवून मी कुणालाच सोडत न्हाई."

मला तिचा राग आला आणि ती आवडलीही. मी म्हणाले, "आणि मी उतरल्याबिगर जात न्हाई."

मग तिनंच विचारलं, "गळ्यातच पाहिजे, का अंगाला लागून आसलं तरी चालतंय?"

तेव्हा मला आठवलं, आमच्यातले काही जुने लोक लिंग दंडाला बांधायचे. गाडीच्या आडोशाला गेलो. डबी मी मुठीत धरून ठेवली, तिनं शिवदारा डोक्यावरून काढून माझ्या डाव्या दंडाला गुंडाळला, आणि वरून औषधाच्या पेटीतलं बँडेज घट्ट बांधलं. डबी अंगापासून क्षणभरही सुटली नाही.

काठावर पाठमोरी उभी राहिले. "मागं झुका, खुर्चीत बसल्यावानी," ती म्हणाली. झुकले. दहा-बारा फूट उतरले असेन, पाय निसटला. गुडघा दगडावर आपटला आणि मी दोराला गरगर फिरले. डोळ्यांत पाणी आलं. घरचं हसणं कानात आलं.

"वर घेऊ का मावशी?"

"न्हाई!"

"मग पाय टेकवा. सरळ. घाई न्हाई."

पाय टेकवले. एकेक पाऊल टाकत खाली पोचले तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लहान लेकरू पहिल्यांदा उभं राहिलं की वाजवतात, तशा. बाकी कुणासाठी वाजवल्या नव्हत्या. मी हेल्मेट काढलंच नाही. पायवाटेनं तशीच लंगडत वर गेले, वीस-पंचवीस मिनिटं लागली.

"आजून एकदा," मी म्हणाले.

तिनं माझ्या सलवारीवरचा रक्ताचा डाग पाहिला. "दुखून राहिलंय का?"

"हाव. घरी बसल्यावर बी दुखलच की."

तिनं गुडघा वाकवून पाहिला, पट्टे पुन्हा आवळले आणि मला सोडलं. दुसऱ्यांदा खालचे लोक पोहे खात होते, कुणी वर पाहिलं नाही. मला हवं तसं झालं. फटीत उगवलेलं पिंपळाचं रोप दिसलं, एक सरडा दिसला, पलीकडं फुलावर आलेली पिवळी तूर दिसली. मध्येच थांबून मी उगाचच जोरात ओरडले. भीती होतीच, पण ती माझी होती. कुणी घालून दिलेली नव्हती.

संध्याकाळी घरी पोचायच्या आत भाचीचं स्टेटस सगळ्या उदगिरानं पाहिलेलं. मालक ओसरीतच बसले होते.

"लोकं काय म्हणतेत माहीत हाय का? आडत्याच्या बायकोला घरात काम न्हाई म्हणतेत."

"हाय म्हणून सांगा. करून गेली होती."

आक्कांनी बँडेज सोडलं. डबी पदरानं पुसली, शिवदारा माझ्या गळ्यात घातला. "मला पटलं न्हाई," त्या म्हणाल्या.

"नका पटू देऊ."

दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला. मांडी घालता येईना म्हणून मी खुर्चीवर बसून लिंगपूजा केली. आक्का शेजारी बसून पाहत होत्या. पूजा संपते न संपते तोच फोन वाजला. भोकरची ती बाई गुडघा कसा आहे विचारत होती. पुढच्या महिन्यात याच्या दुप्पट उंचीच्या कड्यावर जाणार होती, म्हणाली. मालक दुकानाला निघाले होते, ते दारातच थांबले.

मी दोघांच्या देखत सांगितलं, "माझं नाव लिहून ठेव."