लोखंड्याचा मोजा

लोखंड्याचं खरं नाव त्याच्या बायकोलासुद्धा आठवून सांगावं लागायचं. लोकांची बिऱ्हाडं हलवायची, कपाटं, पलंग वरखाली न्यायचे, हा त्याचा धंदा. जिन्यात खालची बाजू कायम त्याची, कारण वजन सगळं खाली येतं. वरची बाजू धरायला मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. जिना वळायचा तिथं मेहुणा म्हणायचा, भावोजी, पाय फिरवा, कंबर पिळू नका. हा हसायचा. पाय फिरवत बसायचं म्हणजे वेळ जातो. हा पाय रोवायचा आणि ओझ्यासकट कमरेतून गर्रकन वळायचा. बघणारे वाहवा करायचे. त्या वाहवेवरच जगायचा मेला.

एके सकाळी त्याचा एक मोजा पलंगाखाली गेला. तो काढायला वाकला, जरा तिरका होऊन हात घातला, आणि कमरेतून जी कळ निघाली ती मांडीमागून थेट टाचेत उतरली. बसला तिथंच, मोजा हातात. बायको धावत आली, अहो काय झालं? आता खरं सांगायला काय जात होतं? पण लोखंडी कपाटं उतरवणाऱ्याला मोज्यानं आडवं केलं, हे तोंडातून निघेना. आदल्या दिवशी दोघांनी एक कपाट उतरवलं होतं, तेच पुढं केलं.

"काल तुझ्या भावानं वरून सोडलं ना, ते आत्ता बाहेर आलं."

एवढंच बोलला. पण बाईनं भावाशी बोलणं टाकलं. दोघं ज्याच्याकडं कामाला, त्या गोदामाच्या मालकाच्या कानावर गेलं, त्यानं मेहुण्याला ओझ्यावरून काढून काचेची भांडी कागदात गुंडाळायला बसवलं. आणि मेहुणा म्हणजे गरीब गाय. त्याला वाटलं, भावोजी म्हणतात म्हणजे सुटलंच असेल. रोज संध्याकाळी यायचा, ह्याच्या काखेत हात घालून उठवायचा, मोरीपर्यंत न्यायचा. बहीण पाठ करून उभी. लोखंड्या भिंतीकडे बघायचा. कळ सोसत होता, तो काखेतला हात सोसवत नव्हता.

शेवटी मेहुण्यानंच त्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांच्याकडे प्लास्टिकचा पाठीचा कणा टांगलेला. त्यांनी बोट लावून दाखवलं. मणके कसे, डब्यावर डबा ठेवावा तसे. दोन मणक्यांच्या मधे एकेक गादी, तिच्या आत मऊ गर. ओझं घेऊन वाकून पिळत राहिलं की गादीची कड विरत जाते, जुनं कापड विरतं तशी. मग एक दिवस फाटते, गर बाहेर येतो आणि पायाकडं जाणारी नस दाबतो. म्हणून बिघाड कमरेत आणि बोंब टाचेची.

मग बाईंनी विचारलं, कळ आली तेव्हा काय उचलत होता?

मेहुणाच मान खाली घालून बोलला, "माझ्या हातून कपाट सुटलं, बाई."

लोखंड्याचे कान असे तापले की विचारू नका.

"मोजा," तो म्हणाला. "मोजा उचलत होतो. ह्याच्या हातून काही सुटलेलं नाही."

बाई हसल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, पुष्कळांचं असंच होतं, कुणाला शिंकेचं निमित्त, कुणाला बुटाच्या नाडीचं. गादी तर आधीच विरलेली असते.

मेहुण्यानं त्याला धरून जिना उतरवला. खाली आल्यावर म्हणाला, "भावोजी, धुतलेला तरी होता का?"

ह्याला हसायलाही तोंड राहिलं नव्हतं.

घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती भांडली नाही. चपला घातल्या आणि भावाकडं निघून गेली, अंधार पडल्यावर आली. मग हा काठी टेकत गोदामात गेला, सगळ्यांसमोर मोज्याचं सांगितलं. लोक चार दिवस हसले, मग विसरले. मेहुण्याला पुन्हा ओझ्यावर घेतलं.

आता जिन्यात खालची बाजू मेहुण्याची. वळणावर पाय फिरवतो, घाई करत नाही. लोखंड्याला वजन उचलायची मनाई, तो टेम्पोत दोऱ्या बांधतो. पण मेहुण्याला एक नवी खोड लागलीय. कपाटाला हात लावण्याआधी तळवे विजारीला पुसतो, परत पुसतो, धरल्यावर वरच्याला विचारतो, माझ्याकडून सुटत नाही ना रे? आधी कधी विचारायचा नाही.

तेवढं ऐकू आलं की लोखंड्या बांधलेली गाठ सोडतो आणि खाली मान घालून पुन्हा बांधायला घेतो.