कासारीण यायची तो दिवस

इंदिरानगरच्या दुकानात काल काचेच्या बांगड्या किणकिणल्या आणि पंचेचाळीस वर्षांपूर्वीची आमची येवल्याची ओसरी आठवली.

कासारीण आईला हिरव्या बांगड्या भरत होती. "महिन्यात तिसऱ्यांदा गं बाई?" तिने हळूच विचारलं.

"धुणं धुताना पिचल्या," आई म्हणाली. हात सुजला होता, म्हणून कासारणीने एक माप मोठं काढलं.

आदल्या दिवशी वडिलांनी तो हात पिरगळलेला मी पाहिला होता. पण सहा वर्षांची मी, मलाही दोन लाल बांगड्या मिळालेल्या. हरखून विचारलं, "आई, तुझ्या परत कधी फुटतील गं?"

आईने मला घट्ट कवटाळलं. त्या मिठीसाठी अजून जीव तुटतो. माझ्या पाठीवर तिच्या नव्या बांगड्या कितीतरी वेळ किणकिणत होत्या. तिचे हात कापत होते, हे आज कळतंय.