खांबाखालचे दोन इंच

मी कामाला काय करते असं कुणी विचारलं, की मी सांगते, शेड उडू नये म्हणून बघते. समोरचा हसतो. सगळ्यांना वाटतं, खांबाचं काम छताचं ओझं पेलणं. पण पत्र्याच्या शेडला ओझं असतं कितीसं? वैशाखात आमच्याकडे वारा सुटला आणि तो पत्र्याखाली शिरला, की खांब खाली दबत नाही, वर ओढला जातो. म्हणून खांबाच्या तळाशी जाड लोखंडी प्लेट वेल्ड करायची, तिला चार भोकं, आणि त्या भोकांतून काँक्रीटमध्ये खोल गाडलेले चार बोल्ट वर काढायचे. प्लेट किती जाड, बोल्ट किती खोल, याचं गणित मी जळगावच्या माझ्या दोन खोल्यांच्या ऑफिसात करते आणि ते मला मनापासून आवडतं. बाकी माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते.

अमळनेरजवळच्या एका गावातलं काम होतं. शेतकऱ्यांच्या गटाला कापूस ठेवायला शेड हवी होती, दसऱ्याच्या आत. गटाचे प्रमुख म्हणजे गावातले एक वयस्कर शेतकरी, त्यांना सगळे नाना म्हणत, मीही नानाच म्हणायला लागले. पायाचं काम गावातल्याच मिस्त्रीकडे होतं. पन्नाशीचा माणूस, निम्म्या गावाची घरं त्याच्या हातची. लोखंडी खांबांचं काम मात्र तो पहिल्यांदाच करत होता, आणि नानांनी गटातल्या चारजणांशी वाद घालून ते त्याला दिलं होतं.

खांब अठरा. प्रत्येकाखाली जमिनीवर हातभर उंच काँक्रीटचा ठोकळा. माझ्या नकाशात ठोकळ्याचा माथा आणि प्लेट यांच्यामध्ये दोन इंच जागा मोकळी सोडलेली होती. कारण साधं आहे. काँक्रीटचा माथा कितीही घोटला तरी अठरा ठोकळे एका पातळीत येत नाहीत. म्हणून प्लेटच्या खाली बोल्टवर एकेक नट बसवायचा, तो फिरवून खांब वर-खाली करत ओळंब्यात आणायचा, आणि सगळं जुळल्यावर त्या दोन इंचांत न आकसणारा पातळ मसाला ओतायचा. याला ग्राउट म्हणतात. नकाशाच्या कोपऱ्यात मी ते लिहिलंही होतं, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत.

क्रेन यायच्या तीन दिवस आधी मी साइटवर गेले. लांबूनच ठोकळे दिसले आणि जीव सुखावला. कडा धारदार, माथे आरशासारखे घोटलेले. बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावून वर खताच्या पिशवीचं प्लॅस्टिक गुंडाळलेलं, सुतळीने बांधलेलं. इतकी निगा मी मोठ्या कंपन्यांच्या साइटवरही पाहिली नव्हती. मग जवळ जाऊन टेप लावला. बोल्ट दोन इंच आखूड.

दुसऱ्या ठोकळ्याला लावला, तिसऱ्याला लावला. सगळीकडे तेच. बोल्ट आखूड नव्हते, काँक्रीटच दोन इंच वर आलं होतं.

मिस्त्री हसत हसत पुढे आला आणि हाताने सगळे ठोकळे दाखवत म्हणाला, "ताई, बठ्ठा भरी टाकात. एकबी पोकळ नही."

एरवी मी साइटवर नीट ऑफिसातलं मराठी बोलते. चिडले की भाषा थेट धुळ्याला माहेरी जाते. "हाई काय करी ठेयेल शे?" म्हणून जी सुरू झाले ती थांबेचना. नकाशा वाचता येत नाही का, विचारता येत नाही का, आता खालचा नट कुठे बसवू, तुमच्या डोक्यावर? मजूर काम सोडून बघत उभे राहिले. मिस्त्रीने एवढंच विचारलं, "खांबना खाले पोकळ कसाले ठेवानी?"

नाना आले. त्यांनी आधी मला खुर्ची दिली, मग चहा सांगितला, मग विचारलं, "आते काय करानं?" प्लेट तशीच काँक्रीटवर ठेवली तर चालणार नाही का, असंही विचारून पाहिलं. मी म्हटलं, ठेवता येईल. पण मग एक खांब अर्धा इंच वर, दुसरा खाली, आणि प्लेट टेकणार फक्त उंचवट्यांवर. माझी सही असलेल्या शेडमध्ये ते चालणार नाही. नानांनी मान हलवली आणि मिस्त्रीकडे न बघताच म्हणाले की गटातले लोक पहिल्यापासून सांगत होते, जळगावचा ठेकेदार बघा म्हणून. उद्या बोलावून घेऊ.

मिस्त्री टोपी काढून हातात धरून उभा राहिला.

चहाच्या दुसऱ्या घोटाला मला तो फोन आठवला.

पंधरा दिवसांपूर्वी मी पारोळ्याच्या बसमध्ये उभी होते. एका हातात दांडा, एका हातात फोन. मिस्त्रीचा आवाज मध्येच तुटत होता. त्याने विचारलं होतं, ते नकाशातले वरचे दोन इंच शेवटी भरायचेच आहेत ना? आणि मी म्हटलं होतं, हो हो, भरायचेच आहेत, भरा. फोन ठेवून दिला. भरायचे ते खांब उभा राहिल्यावर, हे सांगायला तिकीट काढण्याएवढाही वेळ लागला नसता. त्याने विचारलं होतं. मीच नीट ऐकलं नव्हतं.

खरं सांगते, तिसरा घोट मी गप्प बसूनच घेतला. माझा धंदा सहीवर चालतो, आणि जिची सही असते तिने गोंधळ घातला हे चारचौघांत सांगायला जीभ रेटत नाही. मिस्त्रीकडे पाहिलं. त्यालाही फोन आठवत होता, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तरी तो बोलत नव्हता. मला लाज वाटली, आणि त्या लाजेनेच चौथा घोट न घेता कप खाली ठेवायला लावला.

"नाना," मी म्हटलं, "ठेकेदार बोलवू नका. यांनी मला विचारलं होतं. मीच फोनवर भरा म्हणून सांगितलं."

नाना माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "मग इतकी आरडाओरड कसाले करी ताई?"

 मजूर तोंड फिरवून हसले. त्यांच्या जागी मीही हसले असते.

नंतर मी मिस्त्रीला बाजूला घेऊन विचारलं, तुम्ही स्वतः का नाही सांगितलंत? तो टोपी डोक्यावर ठेवत म्हणाला, "तुम्ही जळगावले चालना जाशात, ताई. माले आठेच ऱ्हानं शे. मी सांगतू ते बहाना वाटता." खरंच होतं ते. माझ्या तोंडून आलं म्हणून गावाने ऐकलं.

मग कामाला लागलो. वरचे दोन इंच फोडून काढायचे, पण मशीन लावायची नाही, नाहीतर हादऱ्याने बोल्ट ढिले व्हायचे. छिन्नी-हातोड्याने, कडेकडेने. मिस्त्री आणि त्याची माणसं दोन दिवस बसली. स्वतःच्या हाताने घोटलेले ते आरसे त्याने स्वतःच फोडले आणि कुरकूर केली नाही. मीही अमळनेरलाच मुक्काम केला. टेप घेऊन मागे मागे फिरत होते, तेव्हा तो म्हणाला, ताई, सावलीत बसा, तुमच्या मापाने दगड लवकर फुटत नाही.

क्रेन आली. पहिला खांब खालच्या नटांवर टेकला, दोन बोटं तिरका. मी मिस्त्रीच्या हातात पाना दिला आणि म्हटलं, फिरवा. त्याने एक नट अर्धा फेरा फिरवला. वीस फुटी खांब डोक्यापासून हलला आणि ओळंब्याच्या दोरीकडे सरकला. मिस्त्री ओळंब्याकडे बघत राहिला, पुन्हा पाव फेरा फिरवला, आणि खाली वाकून त्या मोकळ्या दोन इंचांतून पलीकडचा उजेड पाहिला. पोकळ कशाला ठेवायची, हे मला त्याला शब्दांत सांगावं लागलं नाही. माझ्या सगळ्या गणितापेक्षा तो अर्धा फेरा सरस होता. त्या दिवसापासून माझ्या नकाशांवर ही सूचना मोठ्या मराठी अक्षरांत असते.

चार दिवसांनी सगळे खांब जुळले, छताच्या कैच्या चढल्या, आणि राहिला फक्त ग्राउट. नाना बघायला येऊन बसले. मिस्त्रीने बादलीत मसाला कालवला, पहिल्या प्लेटभोवती फळ्या लावल्या, आणि साऱ्या मजुरांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "ताई, आते भरू का?"

"भरा," मी म्हटलं.

त्याने एकाच बाजूने ओतलं, दुसऱ्या बाजूने मसाला वर येईपर्यंत, म्हणजे मध्ये हवा कोंडत नाही. मग दुसऱ्या खांबाशी जाऊन पुन्हा तेच, "ताई, आते भरू का?" तिसऱ्याशी पुन्हा. माझ्या ध्यानात आलं, हा वसूल करतोय. नाना उपरण्यात तोंड लपवून हसत होते. सतरा खांब मी त्याच्यामागे उन्हात फिरले आणि सतरा वेळा, स्पष्ट आवाजात, भरा म्हटलं.

अठराव्याला त्याने विचारलं नाही. मी पोहोचेपर्यंत मसाला पलीकडून वर आला होता आणि तो अंगठ्याने कड दाबत बसला होता. मी वाकून सगळ्या बाजूंनी पाहिलं. सांगण्यासारखं काही नव्हतं.

"एकबी पोकळ नही," मीच म्हटलं.