पुसता येईल असा रंग

एप्रिलातला रविवार, सकाळचे दहा. स्थळ : जळोची, आमच्या व्याह्यांची पत्र्याची शेड. हजर : व्याही म्हणजे आबा, त्यांचे तीन नवशिके विद्यार्थी, माझी थोरली लेक म्हणजे त्यांची सून, आणि इंदापूरहून आलेली मी.

बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके मिळून रंग लावणारे हवे तेवढे सापडतील. लावलेला रंग काढायला शिकवण्याची फी घेणारा माणूस एकच आहे, आणि देवाने तो नेमका माझ्या लेकीचा सासरा म्हणून पाठवला. उभी हयात आबांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवल्या. मालकाच्या नावाखाली झेपावणारा वाघ काढावा तर त्यांनीच. साठी उलटल्यावर ते एअरब्रश शिकवू लागले. एअरब्रश म्हणजे हवेच्या दाबाने रंगाचा फवारा मारणारी पेनाएवढी बंदूक. लोक ती चालवायच्या आशेने येतात आणि आबा त्यांच्या हातात खोडरबर ठेवतात. गडद तपकिरी फवारा मारायचा, वाळू द्यायचा, मग रबराच्या कडेने रेघ रेघ पुसत बैलाच्या अंगावरचे केस आणि डोळ्यातली चमक बाहेर काढायची, ही त्यांची पद्धत. पांढरा रंग ते विकत आणतच नाहीत. "पांढरा कागदातच असतुया, फकस्त वरचं काढायचं," म्हणतात. वाढदिवसाच्या फ्लेक्ससमोर गाडी थांबवून "ह्या भावी आमदाराच्या नाकावरचं थोडं काढाया पायजे" असा अभिप्रायही देतात, भावी आमदाराचे कार्यकर्ते शेजारीच चहा पीत असले तरी.

रंग निवडणं हा त्यांचा खरा छंद. बाटलीवरचं ते काही वाचत नाहीत. थेंबभर रंग नखावर लावायचा, वाळेपर्यंत दुकानदाराला त्याच्याच दुकानाच्या पाटीतले दोष समजावून सांगायचे, मग दुसऱ्या नखाने खरवडायचं. भुकटी होऊन निघाला तर रंग पास. सालपट निघालं तर नापास. निघालाच नाही तर दुकानदार नापास. एकदा ही परीक्षा अर्धवट टाकून ते तसेच एका साखरपुड्याला गेले. बोटाबोटाला वेगळा रंग. बायका नवरीची मेंदी सोडून ह्यांचे हात बघायला लागल्या. "शोभतंय की आबा तुमाला," कुणीतरी म्हणालं. आबा गंभीरपणे म्हणाले, "शोभायचं काय न्हाय. निघतंय का ते बगायचंय."

मला हे कधी पटलं नाही. पैसे देऊन आणलेली वस्तू टिकावी, एवढं साधं माझं मत. नवशिक्यांसाठी रंग आणायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी दुकानात सरळ टिकाऊ रंग मागितला. धुतला तरी जाणार नाही, अशी खात्री मिळाली. आबांनी बाटल्या पाहून हात जोडले.

"विहीणबाई, ह्यो पक्क्या हाताचा रंग. ह्यांच्या चुका अजून व्हायच्या हायत. चुकायच्या आधीच पक्का रंग दिला तर मान्सानं करावं काय?"

बाटल्या फळीवर जाऊन बसल्या. आबांनी निवडलेल्या बाटल्याही त्याच फळीवर. खालच्या फळीवर सरावाचे कागद, म्हणजे जुन्या लग्नपत्रिका. लग्नसराईत आमच्याकडे घरोघर त्यांची रास जमते, आणि जाड, गुळगुळीत, कोऱ्या पाठीसारखा खोडायला दुसरा कागद नाही, असं आबांचं म्हणणं.

त्या रविवारी मी गेले होते माझ्या मुलाच्या लग्नाच्या पत्रिका वाटून झाल्या का ते विचारायला. बारामतीकडच्या पाहुण्यांचा गठ्ठा, प्रत्येकीवर माझ्या हाताने नाव घालून, मी आबांकडे दिला होता. आबांनी तो जपून कागदाच्या फळीवर ठेवला होता. मी शेडमध्ये शिरले तेव्हा तो दोरीवर वाळत होता. पत्रिकेगणिक एक बैल. काही बैल डुकराकडे झुकलेले.

लेक हळूच म्हणाली, "आई, आबांना काही बोलू नकोस."

नव्या पत्रिका छापाव्यात तर छापखान्यात लग्नसराईमुळे उभं राहायला जागा नव्हती. पत्रिका आली नाही म्हणून आमच्याकडे माणसं पिढ्यान् पिढ्या बोलत नाहीत; पाठीवर बैल घेऊन आली तर काय करतील, हे अजून कुणी अनुभवलेलं नव्हतं. मी एकच विचारलं, "रंग कुठल्या बाटल्यांतला?" तिघांनी फळीकडे पाहिलं, मग एकमेकांकडे. कुणालाच आठवेना.

आबा पुढे झाले. जवळच्या बैलाच्या शेपटीवर नख ठेवून ओढलं. शेपटी भुकटी होऊन खाली पडली.

"तुमचा न्हाय," ते म्हणाले. "वाचलो."

मग आम्ही सगळे रबर घेऊन बसलो. आबा मागून फिरत होते. "दाबू नगा. रंग उठवायचाय, कागद न्हाय." तिघा विद्यार्थ्यांतल्या, अंथुर्ण्याहून येणाऱ्या ब्यूटी पार्लरवाल्या ताईंनी एक पत्रिका पदराआड धरली.

"आबा, माजा येवढा ऱ्हाऊ द्या की. पहिल्यांदाच बैल बैलासारका आलाय."

"पूस. परत यील त्यो."

"न्हाय आला तर?"

"तर म्हशी काढ."

संध्याकाळपर्यंत गठ्ठा स्वच्छ झाला. चार दिवसांत लेकीने आणि विद्यार्थ्यांनी तो वाटूनही टाकला. राहिली एक. तिच्यावर आबांच्या थोरल्या भावाचं नाव आहे. ते वडगाव निंबाळकरला असतात. मागे आबांनी हौसेने त्यांच्या नव्या ट्रॉलीवर त्यांचंच चित्र काढलं होतं. हुबेहूब. टक्कल तर रंग ओला असतानाच ब्लेडने घासून असं चकाकवलं, की साखर कारखान्याच्या रांगेत बाकीचे ड्रायव्हर त्यापुढे उभे राहून भांग पाडायचे. भाऊ म्हणाले, पूस. पण तो ट्रॉलीचा पक्का रंग होता. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद आहे. हे मला लेकीने सांगितलं. आबा सांगत नाहीत.

भावाची पत्रिका दुसऱ्याच्या हातून जात नाही, आपण जाऊन द्यावी लागते. काल मी गेले, तर आबा खिडकीशी बसून तिच्यावर रबर फिरवत होते.

"जरा तपकिरी हाय अजून," म्हणाले.

मी ती उजेडात धरली. पाठ पांढरीशुभ्र होती. पुसून पुसून इतकी पातळ, की पलीकडची नवरानवरीची नावं उलटी दिसत होती.

"आबा, गाडी बाहेरच आहे. मी येते बरोबर."

"व्हय, जाऊ की." त्यांनी पत्रिका परत घेतली आणि नसलेला भुगा फुंकून टाकला. "येवढं निघू द्या."

लग्न या रविवारी आहे. मांडव, आचारी, वाजंत्री, सगळं झालं. वडगाव निंबाळकरची पत्रिका द्यायची राहिली आहे.