बॉनेटवरचा हात

आज आमचा जुना छोटा ट्रॅक्टर पाहायला संग्रामपूरचे बापलेक आले. म्हाताऱ्याने काही न विचारता आधी बॉनेटवर तळहात ठेवला, आणि मला बाबा आठवले.

धाड गावात हाच ट्रॅक्टर वापरलेला विकत घेताना बाबांनीही असाच हात ठेवला होता. "हा तापेल हाये. आपन यायच्या आंधीच काऊन चालू केला असंन?" ते हळूच म्हणाले.

मी विकणाऱ्यासमोर हसलो. "बाबा, बैल घ्याले नाही आलो आपन. अंगावर हात काय फिरवता?"

विकणाराही हसला. बाबांनी हात काढून धोतराला पुसला.

दुसऱ्या सकाळी गार इंजिन सुरूच होईना. बाबांनी चुलीवर पाणी तापवलं, रेडिएटरमध्ये ओतलं. "कर आता चालू," एवढंच म्हणाले. पुढे प्रत्येक हिवाळ्यात, ते होते तोवर, माझ्याआधी उठून पाणी तापवत राहिले. मी कधी माफी मागितली नाही.

"थंड हाये," म्हातारा आज म्हणाला.

"हाव काका, मुद्दाम चालू नाही केला. हिवाळ्यात याले गरम पानी लागते."

पोरानं बापाकडे पाहिलं. "मंग बाबा, घ्याचा का?"

धाड गावात मीही बाबांना एवढंच विचारायला हवं होतं.