राघूची कंठी

बकुळा माझी शेजारीण. मिऱ्यात आमच्या दोन घरांमध्ये एक जांभ्याचा गडगा, आणि गडग्यापलीकडे तिच्या पडवीत टांगलेला पिंजरा. पोपट तिचा नवरा गुणाजी यानं एक्क्याऐंशी साली माडाच्या ढोलीतून आणला, पंख नीट फुटायच्या आत.

गुणाजी लाँचीवर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या होता. समुद्रावरून आला की वाटेवरूनच ओरडायचा, "बकुळे, पाणी ठेव!" जणू सगळ्या वाडीला आंघोळ घालायची आहे. राघूलाही त्यानं तेच शिकवायला घेतलं. राघू ढिम्म. "नर आहे. गळ्याभोवती रंगीत पिसांची कंठी आली की बोलेल," गुणाजी म्हणायचा. पोपटाची मादी बोलत नाही, असं आमच्याकडे समजतात. बाकी बायकांवर हा आरोप कुणी कधी केलेला नाही.

त्याच वर्षी नारळी पौर्णिमेनंतर खाडीच्या तोंडाशी लाँच उलटली. गुणाजीचं प्रेत दुसऱ्या दिवशी किनाऱ्याला लागलं. बकुळा तेव्हा बत्तीस वर्षांची. मूलबाळ नव्हतं. महिन्याभरानं ती मासळीची पाटी घेऊन पुन्हा बाजारात बसायला लागली.

एकदा गडग्याशी येऊन म्हणाली, "वहिनी, चेहरा दिसतो त्यांचा. आवाज पुसट होत चाललाय. पण राघूच्या पोटात हाय तो. कंठी आली की बाहेर येईल."

तेव्हापासून पिंजऱ्याजवळ ते शब्द बोलायची बंदी झाली. मी एकदा लेकीला हाक मारून पाणी ठेवायला सांगितलं, तर ही माझ्या अंगावर धावून आली. "राघूतला त्यांचा आवाज मोडेल ना!" मीही चिडले. दोन दिवस आम्ही बोललो नाही.

रोज सकाळी पाटी उचलायच्या आधी ती राघूला केळ्याचा तुकडा दाखवी. त्यानं मान वर केली की गळ्यावरच्या पिसांत फुंकर घालून बघे, आणि हळूच म्हणे, "अजून नाय."

सल्ले द्यायला सगळी वाडी हजर. महिपत म्हणाला, नर मिरची आधी खातो. राघूनं मिरची खाल्ली, तर बकुळानं घरोघर साखर वाटली. भागोजी म्हणाला, डोकं चपटं आहे, मादी असणार. त्या दिवसापासून भागोजीला तिनं मासळी दिली नाही.

अशी चार वर्षं गेली. शेवटी मीच तिला हातखंब्याला नेलं. तिथं नाक्यावर एकजण पाखरं विकायचा. त्यानं पिसं बाजूला करून गळा बघितला. "चार वर्षांत कंठी नाही ना? मग मादी. आता काय येत नाही, बाई."

एसटीत ती पिंजरा मांडीवर घेऊन बसली होती. मी मनातल्या मनात त्या माणसाला शिव्या घातल्या. तो खरं बोलला होता, म्हणून जास्तच राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं केळं पिंजऱ्यात टाकलं. गळा बघितला नाही. पाटीकडे वळली, आणि मागून आवाज आला, "अजून नाय."

लख्ख शब्द. आवाज बकुळाचा. तोच थकलेला, शेवटी खाली बसणारा. मी वेड्यासारखी गडगा ओलांडून गेले. "अगो, बोलली! मादी असून बोलली!"

बकुळा पायरीवर बसली होती. "माझा आवाज असा झालाय?" तिनं विचारलं. मला तोंड वर करून बघवेना. जन्मात इतकं वाईट वाटलं नव्हतं. गुणाजीचे ते तीन शब्द कुणी चार वर्षं त्या पाखराच्या कानावर पडू दिले असते तर, असं राहून राहून वाटत होतं.

मग तीच म्हणाली, "वहिनी, तुम्ही ऐकलंय त्यांना. एकदा म्हणून दाखवा ना."

मी म्हटलं, "बकुळे, पाणी ठेव." माझाच आवाज निघाला. घसा खाकरून पुन्हा म्हटलं, गुणाजीसारखं जोरात. पुन्हा माझाच.

तिनं मान हलवली. "असं नव्हतं," म्हणाली. "पण कसं होतं, ते आता मला पण येत नाय."